पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू: जुन्या संगणकातला नेहमीचा घोळ

जुन्या ४८६ (८०४८६ प्रोसेसरच्या) संगणकात आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेत मोडेम (फोनच्या तारेवरून संगणक जोडणारे कार्ड) बसवणारे बहुतेक जण एकच विधान ठामपणे करतात: ‘माउस कॉम १ वर आहे, मोडेम कॉम ३ वर आहे, दोघांचे पत्ते वेगळे आहेत, त्यामुळे टक्कर असूच शकत नाही.’ कॉम म्हणजे संगणकाचा सिरियल पोर्ट; त्यांचे पत्ते वेगळे आहेत हे खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पत्त्यांविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. कॉम १ ते ४ यांचे प्रचलित पत्ते (सोळाच्या पायातल्या आकड्यांत) अनुक्रमे ३एफ८, २एफ८, ३ई८ आणि २ई८ असून प्रोसेसर त्या पत्त्यांवरून पोर्टच्या चिपशी बोलतो. आयआरक्यू (इंटरप्ट रिक्वेस्ट) ही उलट दिशेची गोष्ट आहे: ‘अक्षर आले आहे, घेऊन जा’ असे कार्ड प्रोसेसरला ज्या तारेवरून कळवते ती ही तार. रूढ मांडणीत कॉम १ आणि ३ दोन्ही आयआरक्यू ४ वर, तर कॉम २ आणि ४ दोन्ही आयआरक्यू ३ वर असतात. पोर्टचा जोड (कनेक्टर) नऊ पिनांचा की पंचवीस पिनांचा, याचा या भानगडीशी काहीही संबंध नाही.

पत्त्यांची टक्कर आणि आयआरक्यूची टक्कर हे दोन्ही बिघाड लक्षणांवरून सहज ओळखता येतात. पत्त्यांची टक्कर कायमची असते: मदरबोर्डवरचा पोर्ट आणि कार्ड दोन्ही ३एफ८ वर असतील, तर यंत्र सुरू होताना बायोस (यंत्रातले मूळ सॉफ्टवेअर) एकच पोर्ट दाखवते आणि त्याच्याशी केलेला व्यवहार पहिल्यापासूनच बेभरवशाचा ठरतो. आयआरक्यूची टक्कर मात्र दबा धरून बसते. माउस एकटा उत्तम चालतो, मोडेमही एकटा उत्तम चालतो. पण मोडेमने क्रमांक फिरवायला घेतला की पडद्यावरचा बाण जागीच थिजतो. याचे कारण असे की पोर्ट उघडताना प्रोग्राम चिपमधला ‘आउट २’ हा बिट चढवतो आणि तेव्हाच ते कार्ड आयआरक्यूच्या तारेला जोडले जाते. दोन्ही पोर्ट उघडले की एक कार्ड तार वर ओढू पाहते आणि दुसरे ती खाली दाबून धरते, त्यामुळे ८२५९ या इंटरप्ट नियंत्रकाला हवी असलेली चढती कड (तार खालून वर जाण्याचा क्षण) मिळतच नाही. पीसीआय या नंतरच्या खाचेत एकच तार अनेक कार्डांनी वापरणे रीतसर आहे, कारण तेथे कडेऐवजी पातळी (तार वर आहे की खाली) पाहिली जाते आणि तार वर ढकलण्याचा अधिकार कोणत्याच कार्डाला नसतो. तेथला ‘आयआरक्यू वाटून घेतला तरी चालतो’ हा सल्ला आयएसएच्या बाबतीत देणाऱ्यांनी कृपया थांबावे.

याहून अधिक खटकते ती एक लोकप्रिय चाचणी. डॉसच्या प्रॉम्प्टवरून ‘एटीएच१’ ही मोडेमला फोन उचलायला सांगणारी आज्ञा कॉम ३ कडे पाठवायची आणि मोडेमच्या रिलेचा ‘टक्’ आवाज आला की सारे ठीक असल्याचे जाहीर करायचे. डॉस ही अक्षरे बायोसच्या इंटरप्ट १४ या सेवेमार्फत पाठवते आणि नावात इंटरप्ट असला तरी ती सेवा आयआरक्यूची तार वापरत नाही. चिपला पुन:पुन्हा विचारून ती आपले काम उरकते. त्या आवाजाने पत्ता बरोबर असल्याचे सिद्ध होते, आयआरक्यूविषयी काहीच नाही.

उपाय म्हणून मोडेमचा जंपर (कार्डावरची सेटिंग बदलणारी छोटी टोपी) आयआरक्यू ५ वर नेण्याचे सुचवले जाते. साउंड कार्ड तेथे ठाण मांडून बसलेले नसेल तर ते चालते, परंतु जंपर कोठे आहे हे सॉफ्टवेअरला दिसत नाही, त्यामुळे विंडोज ३.१ च्या कंट्रोल पॅनेलमधील ‘पोर्ट्स’मध्ये आणि डॉसच्या प्रत्येक संवाद-प्रोग्राममध्ये तोच आकडा हाताने भरावा लागतो. म्हणून मी मदरबोर्डवरचा कॉम २ बंद करून मोडेमलाच २एफ८ आणि आयआरक्यू ३ देणे पसंत करतो. नेटवर्क कार्ड आयआरक्यू ३ वर असेल आणि ते सोळा बिटांचे असेल, तर त्याला १० वर हलवावे.