पावसाचा थेंब कसा घडतो आणि आपल्या मापकात किती पडतो

पर्जन्यमापकासोबतचे हे माहितीपत्रक जपून ठेवावे. आमच्या गच्चीवर १८ मिमी आणि शेजारच्या सोसायटीत २३ मिमी, असे कसे, हा प्रश्न आम्हाला दर पावसाळ्यात विचारला जातो. बहुतेक वेळा यंत्र ठीक असते. फरक पडतो तो थेंबाच्या आकारामुळे, वाऱ्यामुळे आणि मापक ठेवलेल्या जागेमुळे. म्हणून आधी थेंबाविषयी.

ढगातला कण

हवा वर चढली की प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, पण नुसत्या बाष्पाचे पाणी सहज होत नाही. त्याला धरायला काहीतरी लागते. हवा अगदी स्वच्छ असती, तर सापेक्ष आर्द्रता कित्येकशे टक्क्यांवर गेल्याशिवाय थेंब धरलाच नसता. खऱ्या ढगात १०० टक्क्यांच्या वर एखादा टक्काही पुरतो, कारण हवेत समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, धूळ आणि धूर असतो. श्रावणात स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पाणी ओढून ओलसर होते, तेच काम हे मिठाचे कण ढगात करतात.

असा तयार झालेला ढगकण साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा असतो. तो सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली येतो. एवढ्या संथ गतीने एक किलोमीटर उतरायला जवळपास अख्खा दिवस लागेल, आणि ढगाबाहेर पडताच तो सुकूनही जातो. पावसाळ्यात सिंहगडावर कपडे ओले होतात आणि मापकात मात्र काहीच दिसत नाही, त्याचे कारण हेच. अंगावरून जाते ते धुके नसून ढग असतो, आणि त्यातले कण वाऱ्याबरोबर आडवे निघून जातात.

दहा लाख कणांचा एक थेंब

२ मिमीचा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. नुसते बाष्प साचून हे होत नाही. कण जितका मोठा होतो, तितकी त्याची जाडी वाढण्याचा वेग मंदावतो, आणि हाताशी असलेले बाष्प असंख्य कणांत वाटले जाते. थेंब वाढतो तो मुख्यतः टकरीने. त्यासाठी कण लहानमोठे असावे लागतात. सगळे एकाच मापाचे असतील तर एकाच वेगाने पडतील आणि एकमेकांना गाठणारच नाहीत. थोडे मोठे कण जलद उतरतात आणि वाटेतल्या लहानांना गिळत जातात. धूर फार असेल तर तेवढेच पाणी जास्त कणांत विभागले जाते, सगळे बारीक राहतात आणि पाऊस धरायला उशीर होतो.

अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला आपटून वर चढतो, तेव्हा घाटमाथ्यावर हीच क्रिया चालते. तिथल्या बऱ्याच पावसाला बर्फाची गरज पडत नाही. थेंब पुष्कळ, पण बारीक असतात. तीच हवा पूर्वेला उतरताना तापते आणि ढग विरळ होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो आणि पुण्याला साधारण ७०० ते ७५० मिमी. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा महाबळेश्वरलाच आहे, कारण पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवरच टेकलेला असतो.

एप्रिल-मेमधला वळीव वेगळा. हे ढग दहा किलोमीटरच्याही वर जातात. शून्याच्या खालीही त्यांतले बरेचसे पाणी न गोठता द्रवच राहते, अगदी उणे ३८ अंशांपर्यंत. अशा पाण्यात हिमकण तयार झाला की आजूबाजूचे बाष्प त्याच्याकडे ओढले जाते, ढगकण आटतात आणि हिमकण फुगतो. खाली येताना तो वितळला तर टपोरा थेंब होतो. हवेचे वर चढणारे झोत जोरदार असतील तर त्यावर पाणी गोठत जाऊन गार बनते.

चित्रात काढतात तसा टोकदार थेंब आकाशात नसतो. १ मिमीपर्यंतचा थेंब गोल असतो. त्याहून मोठा झाला की खालून हवेचा दाब बसून तळ सपाट आणि माथा फुगीर होतो, लादीपावासारखा. ५ मिमीच्या पुढे गेला की तो बहुधा फुटतो.

हे मापकात कसे दिसते

अर्ध्या मिमीचा थेंब सेकंदाला सुमारे २ मीटरने पडतो, २ मिमीचा साडेसहा मीटरने. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, तर बारीक थेंब मीटरभर उतरताना अडीच मीटर आडवा सरकतो, मोठा पाऊण मीटरच. मापकाच्या काठावरून वारा उसळतो आणि बारीक थेंब तोंडावरूनच निघून जातात. त्यामुळे भुरभुर पावसात उघड्या गच्चीवरचे आकडे कमी येतात, वळवाच्या सरीत मात्र फरक फारसा पडत नाही.

शक्यतो मापक जमिनीवर ठेवावा, काठ ३० सेंमी उंचीवर आणि पाणसळीने समतल. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडावे. फरशीवर ठेवू नये, कारण टपोऱ्या थेंबांचे शिंतोडे आत येतात. खाली गवत किंवा खडी असावी. गच्चीशिवाय जागाच नसेल तर कठड्यापासून लांब, मधोमध ठेवावा.

आपल्या मापकाचे तोंड २०० चौरस सेंमी आहे, म्हणून २० मिली पाणी म्हणजे १ मिमी. मोजपात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणावा आणि पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढून वक्र दिसतो, त्याचा खालचा भाग वाचावा. हवामान खात्याप्रमाणे नोंद सकाळी साडेआठला करावी. त्या वेळचा आकडा मागच्या २४ तासांचा, पण तारीख त्याच दिवसाची. शेजाऱ्याशी आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी ही वेळ विचारावी. गच्चीवरचे पाणी साठवणाऱ्यांसाठी: १,००० चौरस फुटांवर १ मिमी पडला की सुमारे ९३ लिटर पाणी पडते.

थेंबाचा आकार बघायचा असेल तर परातीत चाळलेल्या मैद्याचा बोटभर जाड थर द्यावा आणि चार-पाच सेकंद पावसात धरावा. हिमकणांची छायाचित्रे काढणारे अमेरिकेचे विल्सन बेंटली यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही युक्ती आहे. प्रत्येक थेंबाची गोळी होते. वाळल्यावर चाळून पट्टीने मोजावी. एकदा वळवात आणि एकदा जुलैच्या भुरभुरीत करून बघा.

गारा पडल्या तर मापात मोजलेले कोमट पाणी ओतून वितळवाव्यात आणि ते पाणी शेवटच्या आकड्यातून वजा करावे. गुलमोहराची बारीक पाने नरसाळ्याच्या भोकात अडकतात आणि पाणी वरच साचून सुकते, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला नरसाळे काढून नुसत्या पाण्याने धुवावे. तेलकट फडका लावू नये.