द मशीन स्टॉप्स : डिस्टोपियन कथेची घडण

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) यांची दीर्घकथा. विसाव्या शतकातील डिस्टोपियन (भयावह भावी समाजाचे चित्र रंगवणाऱ्या) साहित्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत तिची गणना होते. ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू’च्या नोव्हेंबर १९०९ च्या अंकात ती प्रथम आली व पुढे ‘द इटर्नल मोमेंट’ (१९२८) या संग्रहात समाविष्ट झाली. देवासचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेले फॉर्स्टर १९२१ मधले; कथा त्यांच्या पहिल्या भारतभेटीच्याही (१९१२) आधीची आहे.

कथेचे बीज बहुधा १९०८ च्या सुरुवातीचे असावे. त्या जानेवारीत फ्रान्समध्ये वैमानिक आंरी फार्मां यांनी विमानाने हवेत पूर्ण फेरी मारली. फॉर्स्टर यांनी त्याच महिन्यात दैनंदिनीत या उड्डाणाची नोंद केली आणि विज्ञान माणसाला मुक्त करण्याऐवजी यंत्रांचा दास बनवत आहे, असे अस्वस्थ होऊन लिहिले. कथेच्या पहिल्या भागाचे शीर्षकच ‘द एअरशिप’ असल्याने ही नोंद महत्त्वाची ठरते.

कथा कशाला उत्तर म्हणून लिहिली गेली, यावर बराच खल झाला आहे. आपली कथा ही विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांच्या आधीच्या एका ‘स्वर्गा’वरची (आदर्श जगाच्या चित्रावरची) प्रतिक्रिया आहे, असे फॉर्स्टर यांनी पुढे संकलित कथांच्या प्रस्तावनेत म्हटले, पण कोणता स्वर्ग, ते सांगितले नाही. बहुतेक अभ्यासक ‘अ मॉडर्न युटोपिया’कडे (१९०५) बोट दाखवतात. तेथील सुनियोजित जगद्‌राज्य आणि फॉर्स्टर यांची सर्वव्यापी यंत्रव्यवस्था यांतील साम्य उघड आहे. मात्र भूगर्भातील वस्ती आणि दुबळी झालेली मानवी शरीरे पाहिली, की ‘द टाइम मशीन’ (१८९५) आठवते. आणि ते पुस्तक स्वर्गाचे नव्हे, अधोगतीचे चित्र रंगवते. म्हणजे फॉर्स्टर यांनी आशावादी वेल्सचे खंडन निराशावादी वेल्सच्याच साधनांनी केले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सॅम्युएल बटलर यांच्या ‘एरेव्हॉन’ या उपरोधिक कादंबरीचा (१८७२) वाटाही कमी लेखू नये. त्यातील यंत्रांविषयीची प्रकरणे आणि या कथेतला ‘यंत्राचा ग्रंथ’ (यंत्र वापरण्याच्या सूचनांचे, पवित्र मानले जाणारे पुस्तक) यांचे नाते जवळचे आहे, आणि ‘एरेव्हॉन’चे ऋण फॉर्स्टर यांनी स्वतः मान्य केले होते. प्लेटोच्या गुहेशी (सावल्यांनाच सत्य मानणाऱ्या बंदिवानांच्या दृष्टांताशी) केलेली तुलना उद्‌बोधक असली, तरी ती प्रभावाचा पुरावा म्हणून अपुरी आहे.

कथानक थोडक्यात असे : सर्व गरजा भागवणाऱ्या ‘यंत्रा’च्या आधारे भूगर्भातील एकांत खोलीत राहणारी वाश्ती पडद्यावरून व्याख्याने देते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा कुनो तिला प्रत्यक्ष भेटीला बोलावतो. तो परवानगीविना भूपृष्ठावर जाऊन आलेला असतो. पुढे यंत्र बिघडत जाते आणि अखेर थांबते.

कथेचे खरे बळ निवेदनात आहे. निवेदक वाचकाला थेट हाक घालून मधमाशीच्या कोठडीसारखी षट्‌कोनी खोली डोळ्यांसमोर आणायला सांगतो आणि अखेरीस आपल्या कथनाला ‘चिंतन’ म्हणतो. मधल्या भागात तो यंत्रपूजकांची भाषा जशीच्या तशी स्वीकारतो. न्यूनोक्तीतून (मुद्दाम कमी करून सांगण्यातून) साधलेला हा उपरोध हवाई प्रवासाच्या प्रसंगात सर्वांत धारदार होतो. एका प्रवाशाच्या हातून ‘यंत्राचा ग्रंथ’ खाली पडतो. खोल्यांमध्ये पडलेली वस्तू जमीनच वर उचलून देत असे. विमानात चढण्याच्या वाटेवर ती सोय नाही. तो माणूस वाकत नाही, दंडाचे स्नायू चाचपून ते कसे कमी पडले ते पाहतो. मग सगळे पुढे सरकतात आणि वाश्ती त्या पवित्र ग्रंथाच्या पानांवर पाय देत विमानात चढते. श्रद्धा, शरीराचा ऱ्हास आणि घाई या तिन्ही गोष्टी एवढ्याशा प्रसंगात आल्या आहेत. भाष्याचा एक शब्दही लागलेला नाही.

स्पर्श हे कथेतले मध्यवर्ती आशयसूत्र. तोल गेलेल्या वाश्तीला परिचारिका हाताने सावरते, तर वाश्ती संतापते. माणसांनी एकमेकांना शिवण्याची चालच उरलेली नाही. शेवटी मायलेक मरणाच्या दारात यंत्राविना बोलतात, एकमेकांना स्पर्श करतात. दुसरे सूत्र दुय्यम ज्ञानाचे : फ्रेंच राज्यक्रांतीविषयी मूळ साधने नकोत, अमुक विद्वानाला तमुक विद्वानाचे काय वाटले, याची इतिहासकार कार्लाइल व क्रांतिकाळातील नेता मिराबो यांच्यापर्यंत पोहोचणारी साखळीच हवी, असे एक व्याख्याता बजावतो. विश्वकोशांच्या संकलकांनी हा परिच्छेद अवश्य वाचावा. ध्वनीचा वापरही लक्षणीय आहे. यंत्राची अखंड गुणगुण जन्मापासून कानांत असल्याने कोणाला जाणवत नाही. ती थांबते तेव्हा ती शांतताच हजारोंचा बळी घेते.

वाश्ती हे नाव ‘जुन्या करारा’तील, राजाज्ञा धुडकावणाऱ्या राणीचे. यंत्राची आज्ञा निमूट पाळणाऱ्या स्त्रीला ते देण्यात विरोधाभास दिसतो, पण त्यावर फार मोठी मांडणी उभी करणे धाडसाचे होईल. कुनोने भूपृष्ठावर पाहिलेल्या वेसेक्सच्या (दक्षिण इंग्लंडमधील जुन्या राज्याच्या) टेकड्या आणि तेथील राजा आल्फ्रेडची आठवण यांत मात्र फॉर्स्टर यांची ग्रामीण इंग्लंडविषयीची ओढ स्पष्ट उमटते; कथेचा हा भाग थोडा भावुक झाला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत कथा पुन्हा मोठ्या प्रमाणावर वाचली गेली, ती मुख्यतः दृक्‌संभाषणाचे भाकीत म्हणून. या वाचनात निवेदनतंत्राकडे दुर्लक्ष झाले. बीबीसीने १९६६ मध्ये ‘आउट ऑफ द अननोन’ मालिकेत तिचे दूरचित्रवाणी रूपांतर सादर केले.