हनोईच्या समाधीवर ‘मावळा’ कोरलेलं नाही

शिवजयंती जवळ आली की दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच: व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं कोरलंय, महाराजांचा गनिमी कावा शिकूनच त्यांनी अमेरिकेला हरवलं.

हे खरं नाही. व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, ज्यांच्याबद्दल हा मेसेज आहे त्या राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांच्या समाधीच्या दर्शनी भागावर फक्त त्यांचं पद आणि नाव आहे. बलाढ्य शत्रूला खिंडीत गाठणं व्हिएतनामींना जुनंच ठाऊक होतं. १२८८ मध्ये बाख डांग नदीच्या तळात टोकदार खांब रोवून, ओहोटी लागताच त्यांनी मंगोल आरमार अडकवलं. महाराजांच्या जन्माआधी ३४२ वर्षं!

महाराजांचं मोठेपण उसनं कशाला आणायचं? चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी १६७३ मध्ये लिहिलेलं पत्र वाचा. रयतेचं धान्य, गवत ओरबाडू नका, विकत आणा. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजी जळतील. लहान फौज रयतेच्या जिवावरच लढते, आणि महाराजांना ते पक्कं माहीत होतं. रयतेला नाडलंत तर तिला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हेही त्यांनी त्याच पत्रात बजावलंय.