आयटीत नोकरी शोधताय? आधी ओळखीपाळखी बघा, मग फोन उचला

कुडाळच्या आमच्या सेंटरमध्ये कोर्स करून गेलेली पोरं चार-सहा महिन्यांनी परत येतात आणि सांगतात, सर शंभर-दीडशे ठिकाणी ऑनलाइन अप्लाय केलं, एकाचाही रिप्लाय नाही. कोडिंग बरं असतं, प्रोजेक्टही असतो, पण इतक्या दिवसांत आयटीत काम करणाऱ्या एकाही माणसाशी बोलणं झालेलं नसतं. फोन का केला नाहीस विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमचो फोन कोण उचलतलो?" म्हणून हा कागद काढलाय.

सुरुवात गणपतीपासून करा. वर्षभर मुंबई-पुण्यात असणारे चाकरमानी तेव्हा गावात असतात, आरतीला रोज भेटतात आणि त्यातलं कोणीतरी ऐरोलीत, हिंजवडीत नाहीतर खराडीत कामाला असतंच. पण आपण फक्त सख्ख्या काका-मामाला विचारतो आणि तिथेच थांबतो. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक पेपर आला, बॉस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे निघाले साधारण १७ टक्के, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण सोपं आहे, घरातल्यांना जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं, नवीन बातमी लांबच्या माणसाकडे असते. म्हणजे वहिनीच्या भावाचा रूममेट, शाळेतला दोन वर्षं पुढचा मुलगा, आईच्या मैत्रिणीची सून, ही नावं आधी वहीत लिहा.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत रेफरलची पद्धत असते, आतल्या माणसाने सुचवलेला उमेदवार घेतला तर त्यालाही बोनस मिळतो, त्यामुळे विचारलं म्हणजे आपण हात पसरले असं मुळीच नाही. फक्त त्याला जॉब आयडी (जाहिरातीतला त्या जागेचा नंबर) आणि रेझ्युमे एकाच मेसेजमध्ये द्या, शोधायला लावू नका.

आता अनोळखी माणसाला फोन. इथे घाम फुटतो, आम्हाला माहितेय, पण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. मोठ्या कंपनीच्या बोर्ड नंबरवर वेळ घालवू नका, दहा-वीस माणसांच्या कंपन्या शोधा, पणजी, कोल्हापूर, नवी मुंबई कुठल्याही, तिथे बऱ्याचदा फोन थेट मालक किंवा टीम लीडच घेतो. सोमवारी सकाळी करू नका, मिटिंगा असतात. मंगळवार ते गुरुवार, अकरानंतर किंवा चारनंतर बरं. आणि नोकरी आहे का हा प्रश्न पहिल्यांदा विचारूच नका, नाही म्हणाले की विषय संपला. असं बोला:

"नमस्कार, मी कुडाळहून बोलतेय, तुमच्या साइटवर बिलिंगचं ॲप बघितलं, मी पायथॉनमध्ये तसलंच छोटं काम केलंय. दोन मिनिटं आहेत का? तुमच्याकडे फ्रेशरला काय काय यावं लागतं एवढंच विचारायचं होतं."

बिझी आहे म्हणाले तर कधी करू विचारा आणि त्याच वेळेला करा. बोलणं झालं की त्याच दिवशी आभाराचा मेल, खाली गिटहबची, म्हणजे तुमचा कोड ठेवलेल्या साइटची लिंक. शेवटी "अजून कोणाशी बोलू?" हे विचारायचंच, एका फोनातून दुसरा नंबर मिळतो तो असा. वहीत नाव, तारीख, काय म्हणाले, परत कधी करायचा हे चार रकाने ठेवा. दहा जणांपैकी सात-आठ जण तोडूनच बोलतील किंवा उचलणारच नाहीत, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. आणि पावसाळ्यात घरात रेंज जाते, लाइटही जाते, तेव्हा फोन चार्ज करून आधी सड्यावर किंवा एसटी स्टँडवर जा, महत्त्वाचं बोलणं मध्येच तुटू देऊ नका.

एक गोष्ट पालकांनी नीट वाचावी. नोकरी देतो म्हणून ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, रजिस्ट्रेशन असं काहीही मागितलं तर एक रुपयाही पाठवू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आमच्याकडे शनिवारी दुपारी फोनची प्रॅक्टिस असते, आम्ही पलीकडच्या खोलीतून कंपनीवाले होऊन बोलतो, तुम्ही खराखुरा फोन लावायचा. जुन्या विद्यार्थ्यांना फी नाही. येताना वही आणि निदान दहा नावं घेऊन या.