एसआरपी की सीआरपी? बंदूक सोडा, गाडी बघा

विसर्जनाच्या आधी सोलापुरात नवी पेठेतून किंवा माणिक चौकातून हेल्मेट, ढाली आणि रायफली घेतलेल्या जवानांचं पथसंचलन निघालं, की एखाद्या दुकानाच्या पायरीवरून हाळी येतेच : "मिलिटरी आली बे!" शेजारचा जाणकार लगेच दुरुस्ती करतो, "मिलिटरी कुठली, सीआरपी हाय ती." बऱ्याचदा ती सीआरपीही नसते. एसआरपी असते. कधीकधी तर शहर पोलिसांचंच आरसीपी, म्हणजे दंगल नियंत्रण पथक असतं आणि लोक त्याला दिल्लीहून आलेलं समजून फोटो काढत बसतात.

गोंधळ होण्यासारखंच आहे म्हणा. एसआरपी म्हणजे राज्य राखीव पोलीस बल (एसआरपीएफ) आणि सीआरपी म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल (सीआरपीएफ). दोन्हीकडे कंपन्या, प्लाटून, समादेशक. दोन्हीकडे बूट, बेल्ट, बंदुका. पण एक आपल्या विजापूर रोडवर सोरेगावात राहतं, तर दुसरं गृहमंत्रालयाच्या हुकमानं देशात कुठूनही कुठंही जातं.

नोंदीपुरतं सांगतो. एसआरपीएफची उभारणी १९४८ सालची, तिचा कायदा १९५१ चा, मालक महाराष्ट्र शासन. सोरेगावचा गट क्रमांक १० हा तिच्या दीड डझनाहून जास्त गटांपैकी एक. सीआरपीएफ मूळची इंग्रजांची, २७ जुलै १९३९ ला मध्य भारतातल्या नीमचमध्ये 'क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस' म्हणून उभी राहिली. संस्थानांतली चळवळ आवरायला ती काढली होती. डिसेंबर १९४९ च्या कायद्यानं तिला आजचं नाव मिळालं. आज तिच्यात तीन लाखांहून जास्त माणसं आहेत.

पोलीस आणि लष्कर यांच्या मधलं असलं बळ लागतंच कशाला, याचं उत्तर सोलापूरकराला बाहेर शोधायला नको. मे १९३० मध्ये पोलिसांच्या गोळीबारानंतर शहर इतकं पेटलं की पोलीस मागे हटले, आणि ९ ते ११ मे या दिवसांत इथं इंग्रजांचं राज्य उरलं नाही. पोलिसांच्या मागे उभं करायला सरकारकडे थेट लष्करच होतं. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिशन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रोज सिग्नलला थांबणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे आठवतं, कोण जाणे. काठीवाला शिपाई आणि तोफवाला सैनिक यांच्यामध्ये काहीच नसलं की काय होतं, ते या शहरानं सोसलेलं आहे. फ्रान्समध्ये ही मधली जागा जंडार्मरी नावाचं दल सांभाळतं. ते लष्कराचाच भाग आहे, पण काम पोलिसांचं. आपल्याकडे ही जागा राखीव पोलिसांनी भरली, आणि ती दोन मालकांत वाटली गेली.

आता हत्यारं. लोक इथंच फसतात, कारण लोक आधी बंदूक बघतात.

जवळ उभं राहायची संधी मिळाली तर रायफलीच्या मॅगझिनकडे बघा. मॅगझिन धुरकट पारदर्शक प्लास्टिकचं असेल आणि आतल्या पितळी गोळ्यांची ओळ बाहेरून दिसत असेल, तर ती इन्सास. ५.५६ मिमीची, भारतीय बनावटीची, मॅगझिनमध्ये २० गोळ्या. कारगिलच्या थंडीत हेच प्लास्टिक तडकल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. लांबलचक, जड, सरळ लोखंडी मॅगझिनची रायफल असेल तर ती एसएलआर, ७.६२ मिमीची. मूळ आराखडा बेल्जियमचा, आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेली. एक घोडा, एक गोळी. ही रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची म्हणजे चेष्टा नाही, पण तिची गोळी लांबवर आणि जोरात जाते, म्हणून जुने हवालदार अजून तिचीच बाजू घेतात. आणि बाकदार मॅगझिनची एके तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, ३० गोळ्यांची.

गंमत अशी की या तिन्ही बंदुका दोन्ही दलांनी वापरलेल्या आहेत. दोघांचीही बहुतेक खरेदी पिढ्यान्‌पिढ्या त्याच सरकारी कारखान्यांतून होत आली. त्यामुळे "इन्सास आहे म्हणजे सीआरपी" हे कट्ट्यावरचं ज्ञान बाद.

फरक पडतो तो त्यापुढच्या हत्यारांत. सीआरपीएफच्या काही तुकड्यांकडे इस्रायली बनावटीची एक्स-९५ दिसते. आखूड, काळी, आणि तिचं मॅगझिन घोड्याच्या पुढे नसून मागे, दस्त्याच्या बाजूला. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. शिवाय रायफलीच्या नळीखाली बसवायचे ग्रेनेड लाँचर, ५१ मिमीच्या उखळी तोफा, खांद्यावरून डागायची ८४ मिमीची कार्ल गुस्ताफ. पोलीस म्हणवणाऱ्या दलाकडे उखळी तोफ कशाला? कारण या पोलिसांनी सीमा सांभाळलेल्या आहेत. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस पडले, त्याच तारखेला आपण पोलीस स्मृतिदिन पाळतो. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी ब्रिगेडचा हल्ला झेलला तो सीआरपीएफच्या दुसऱ्या बटालियनच्या जवानांनी. सीमा सुरक्षा दल तेव्हा जन्मालाच यायचं होतं, ते आलं डिसेंबर १९६५ मध्ये. पुढे काश्मीर, ईशान्य भारत आणि नक्षलग्रस्त जंगलं आली, आणि हत्यारांची यादी लांबत गेली.

एसआरपीची यादी त्या मानानं आखूड आहे, आणि माझ्या मते ती तशीच असावी. तिचं नव्वद टक्के आयुष्य बंदोबस्तात जातं. आषाढीला पंढरपूर, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, दंगल, मोर्चा, निवडणूक. तिथं उखळी तोफेचा काय उपयोग? तिथं लागते काठी, ढाल आणि गॅसगन. गॅसगन म्हणजे ३८ मिमीच्या जाड नळीची बंदूक. मधून मोडायची, एक नळकांडं भरायचं, मिटायची, डागायची. अश्रुधुराची ही नळकांडी मोठ्या प्रमाणावर बनतात ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या कारखान्यात. म्हणजे एसआरपीनं डागली काय नि सीआरपीनं डागली काय, डोळे सारखेच चुरचुरतात.

प्लास्टिकच्या गोळीचं मात्र सांगायला हवं. २०१६ मध्ये काश्मीरमध्ये छर्ऱ्याच्या बंदुकांनी पोरांचे डोळे गेले, देशभर ओरड झाली. त्यानंतर सीआरपीएफसाठी एके रायफलीतूनच झाडता येईल अशी प्लास्टिकची गोळी तयार झाली, आणि तिचं उत्पादन झालं आपल्या पुण्याच्या खडकीत. बंदूक तीच, मॅगझिन बदललं की काम झालं. सोयीचं आहे खरं, पण समोरच्या जमावाला कुठलं मॅगझिन लावलंय ते कसं कळणार, हा प्रश्न मला काही सुटत नाही.

तर बंदुकीवरून नीट पत्ता लागत नाही. गाडीवरून लागतो.

एसआरपीची कंपनी आली की ती संसार घेऊन येते. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात ट्रक उलटे लावतात, फळी पडते आणि आतून आधी बंदुका उतरत नाहीत. उतरतात नावं रंगवलेल्या पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, मोठाली पातेली, गॅसच्या शेगड्या, पिठाची पोती. मग वेताच्या आणि फायबरच्या ढालींची चळत. तासाभरात एका कोपऱ्यात भात शिजायला लागतो आणि कंपाउंडच्या भिंतीवर बनियनं वाळत पडतात. राज्यातल्या राज्यात शंभरेक माणसं उचलून कुठंही टाकायची, खाऊपिऊ घालायची आणि रस्त्यावर उभी करायची, या कामासाठी ही व्यवस्था आहे. जोडीला जाळ्या बसवलेलं 'वज्र' येतं, ज्याच्या टपावरून अश्रुधुराची अनेक नळकांडी एकामागून एक सुटतात, आणि पाण्याचा फवारा मारणारं 'वरुण'. ही दोन्ही वाहनं राज्याच्या पोलिसांकडेही असतात, तेव्हा वज्र दिसलं म्हणून लगेच केंद्राचं दल समजू नका.

निळ्या ठिपक्यांच्या गणवेशातली माणसं आणि गाडीवर आरएएफ ही अक्षरं दिसली, तर मात्र ते नक्की केंद्राचं. रॅपिड ॲक्शन फोर्स म्हणजे सीआरपीएफचीच दंगलविरोधी शाखा, ऑक्टोबर १९९२ ची. महाराष्ट्रातली तिची बटालियन नवी मुंबईत तळोज्याला आहे, क्रमांक १०२. सोलापुरात निळा गणवेश दिसतो तो बहुतेक तिथूनच आलेला असतो.

खरा पेच जाड पत्र्याच्या गाड्यांचा आहे, कारण तिथं लोक बुलेटप्रूफ आणि सुरुंगरोधक यांची सरमिसळ करतात. बुलेटप्रूफ गाडीचं काम बाजूनं येणारी गोळी अडवणं. २६/११ नंतर मुंबई पोलिसांनी घेतलेली महिंद्राची मार्क्समन ही त्यातली. बुटकी, बसकी, शहरी गल्लीत वळणारी. सुरुंगरोधक गाडीला, म्हणजे एमपीव्हीला, धोका खालून असतो. म्हणून तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, आणि गाडी जमिनीपासून उंच. स्फोटाचा झोत सपाट तळावर आदळला तर सगळा जोर आतल्या माणसांच्या पायांवर आणि मणक्यावर येतो, तिरप्या तळावर तो दोन्ही बाजूंना फाकतो. ही शक्कल दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर गाडीनं नावारूपाला आणली. आपल्याकडे या गाड्या मेदकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनल्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं गेलात तर संगारेड्डीच्या आसपास हा कारखाना येतो.

पण एमपीव्ही म्हणजे अमरपट्टा नव्हे. ठरावीक किलोपर्यंतचा सुरुंग ती सोसते. रस्त्याखाली त्याच्या कितीतरी पट बारूद पुरली तर एवढी अवजड गाडीही उलटीपालटी होते. म्हणूनच नक्षली भागात दोन्ही दलांचा जुना नियम आहे : शक्यतो गाडी नकोच, पायी चला. तो मोडला की काय होतं ते १ मे २०१९ ला गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला दिसलं. गडचिरोली पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि चालक गेले, आणि ते बसले होते साध्या खासगी गाडीत. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, तेही साध्या बसमधून जाताना. त्यानंतर जम्मू-श्रीनगर प्रवास विमानानं करायची मुभा जवानांना मिळाली. गडचिरोलीत सीआरपीएफच्या बटालियन असतात, तशा एसआरपीच्या कंपन्याही फिरतीवर जातात, म्हणजे तिथं दोघांनाही एमपीव्हीत बसावं लागतं आणि दोघांनाही चालावं लागतं. फरक एवढाच की केंद्राकडे प्रयोग करायला पैसा जास्त. २०२१ मध्ये सीआरपीएफनं डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीनं 'रक्षिता' नावाची मोटारसायकल ॲम्ब्युलन्स काढली, एमपीव्ही जिथं शिरणार नाही अशा पायवाटेवरून जखमीला बाहेर आणायला. मला तोफांपेक्षा हे वाहन जास्त मोलाचं वाटतं.

आणि हो, गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असेल, तरच ते लष्कर.

दोन्ही दलं एकाच जागी बघायची असतील तर मतमोजणीच्या दिवशी रामवाडीच्या गोदामाकडे जा. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे तीन कडी असतात. बाहेरच्या रस्त्यावर तुमच्या ओळखीचा शहर पोलीस, जो "गाडी तिकडं लाव" म्हणून ओरडतो. फाटकावर राज्याचं सशस्त्र पोलीस बल. आणि मतमोजणीच्या खोलीच्या दारात केंद्राचं दल. स्ट्राँगरूमलाही हीच उतरंड. राज्य सरकारच्या हाताखालचा माणूस पेटीच्या अगदी जवळ नको, हा त्यातला हिशोब.

केंद्राची तुकडी सोलापुरात आली म्हणून तिचं राज्य सुरू होत नाही. कायदा-सुव्यवस्था हा विषय घटनेनं राज्याला दिलाय, केंद्राचं दल येतं ते मदतीला, राज्यानं मागितल्यावर. त्याचं बिलही राज्याला येतं. कुठल्या चौकात कोण उभं राहणार ते पोलीस आयुक्तालय ठरवतं. जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला असतो, आणि तो प्रभारी जागेवर नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या पोलिसाला. म्हणजे एक्स-९५ घेतलेला केंद्राचा जवान आणि गॅसगन घेतलेला सोरेगावचा जवान शेजारी शेजारी उभे असतील, तर दोघांचेही कान आपल्या फौजदार चावडी किंवा जेल रोड पोलीस ठाण्याच्या साहेबाच्या हुकमाकडे लागलेले असतात.