ब्रह्मपुरी उत्खनन (कोल्हापूर)

कोल्हापूर शहरात पंचगंगेच्या काठी असलेल्या पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन. पडलेल्या भिंतींची माती, राख आणि केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या साचून झालेली वस्तीची जमीन ती पांढर. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी येथे १९४५–४६ मध्ये पद्धतशीर खोदकाम केले. त्याच्या थोडे आधी याच टेकाडात रोमन बनावटीच्या ब्राँझ वस्तूंचा साठा मिळाला होता. त्यातली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आज टाउन हॉल संग्रहालयात आहे आणि ब्रह्मपुरी म्हटले की बहुतेकांना तीच आठवते. पण कोल्हापूरकर कसे राहत होते, हे कळते ते कौलांवरून आणि बांगड्यांच्या तुकड्यांवरून.

सातवाहन काळातील घरे भाजक्या विटांची होती. कौलांना चर आणि वरच्या कडेला दोन भोके असत. भोकांत खिळा मारून कौल बसवायचे, चरांतून पाणी उतरायचे. त्याच काळातील विळिवायकुर राजांची शिशाची नाणी कोल्हापूर परिसरात मिळतात. शिसे लाकडी कपाटात ठेवू नये : लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि अक्षरे जातात.

बहमनी थरांची ओळख म्हणजे रंगीत काचेच्या बांगड्या. एका रंगाच्या गाभ्यावर दुसऱ्या रंगाचा थर, वर पिवळे ठिपके किंवा पट्टे. तुकडा हातात घेतल्यावर आधी सांधा शोधावा. काचेची सळई वाकवून टोके जुळवली असतील, तर तेथे रंगाची रेघ तुटते. मग तुकडा एककेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून व्यास काढायचा, दोन-तीन सेंमी.चा कंसही पुरतो. लहान व्यास म्हणजे लेकराचा हात. काच ब्रशने घासू नये. जमिनीतल्या ओलीने पृष्ठावर इंद्रधनुषी पापुद्रे सुटलेले असतात, ते रंगासकट निघून येतात.

नांदत्या शहरात थर सरळ राहत नाहीत, कारण नंतरचे लोक जुन्या विटा उकरून नेतात, पेव खणतात, शोषखड्डे काढतात. असा खड्डा नजरेतून सुटला, तर बहमनी बांगडी सातवाहन थरात नोंदली जाते आणि पुढची सगळी कालगणना बिघडते. म्हणून खोदकामाच्या चराची उभी बाजू थापीने तासून त्यावर हलके पाणी शिंपडतात. खड्ड्यातली माती भुसभुशीत असते, राखेने करडी दिसते आणि तिची कड थर कापत खाली जाते. ती कड सुतळीने आखून खड्डा आधी वेगळा रिकामा करायचा, त्यातल्या वस्तूंची पिशवीही निराळी, आणि मगच थराला हात घालायचा. विटा नेलेल्या भिंतीच्या जागी असाच मोकळा, पण सरळ पट्टा उरतो. त्याची लांबी-रुंदी मोजून नाहीशा झालेल्या घराचाही नकाशा काढता येतो.