खांदेरीचं दीपगृह : पार्श्वभूमी

अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं. ते रोखायला आलेले इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्याशी मराठा आरमाराच्या झुंजी झाल्या. पुढच्याच जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे तट उभारला, म्हणून कोळीवाड्यांत आजही दोन्ही नावं एका दमात घेतली जातात.

१८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला अचानक भाव आला आणि बंदरातली वर्दळ वाढली. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांना बंदराचं तोंड रात्री ओळखता यावं म्हणून १८६७ मध्ये खांदेरीवर अष्टकोनी दगडी मनोरा उभा राहिला. कुलाब्याच्या टोकापुढच्या प्राँग्ज खडकावरचा दिवा नंतरचा, १८७५ चा. जे बेट १७१८ मध्ये तोफा डागूनही मुंबईकर इंग्रजांच्या हाती लागलं नव्हतं, त्याच्याच माथ्यावर त्यांनी दिवा लावला, हे विसरता येत नाही.

खरा वाद १९९८ चा. त्या वर्षी बेटाला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचं नाव देण्यात आलं आणि दीपगृहही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. कान्होजींचा मान कमी लेखायचा प्रश्नच नाही. १७१८ चा हल्ला परतवला तो त्यांच्याच माणसांनी. शिवाय मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आंग्रे’ हे नाव आहेच. पण खांदेरी हे नाव १६७९ च्या झुंजींशी, मराठा आरमाराच्या पहिल्या मोठ्या परीक्षेशी जोडलेलं आहे, ते पुसायला नको होतं. नाव दिव्यापुरतं ठेवलं असतं तर दोन्ही साधलं असतं. प्रत्यक्षात जुनं नाव हटलं नाहीच. नौदलाने २०१९ मध्ये सेवेत घेतलेली पाणबुडी ‘खांदेरी’ आहे. त्याआधी १९६८ ची पाणबुडीही ‘खांदेरी’च होती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तिथेही ‘खांदेरी’च लिहिलं गेलं.

बेट अनेक वर्षं बंदर प्रशासनाकडे होतं, त्यामुळे परवान्याशिवाय उतरता येत नसे. वेताळाच्या दर्शनाला येणारे कोळी आणि दिव्याची राखण करणारे कर्मचारी सोडले तर किल्ला फारसा कुणी पाहिलाच नाही. आज किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, दीपगृह मात्र केंद्राच्या अखत्यारीत. वारशाची जबाबदारी आल्यावर दोन्ही बाजूंनी निदान फलकावरचं नाव तरी एकमताने लिहावं : बेट खांदेरी, दिवा कान्होजींचा.